ग्लॉक पिस्तुलाला सेफ्टीचा खटका नाही, भरलेलं कमरेला लावावं का?

डॅलसकर: टेक्सासमध्ये हँडगन लायसन्सचा कोर्स करून ग्लॉक १९ घेतलं. रात्री दुकान बंद करून गल्ला घरी न्यावा लागतो. पण याला सेफ्टीचा खटकाच नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागे, जिथून गोळी सुटते) गोळी ठेवून कमरेला लावायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. चेंबर रिकामं ठेवलं तर? घरात लहान मुलगी आहे.

रेंजवाली मावशी: ह्यूस्टनला नवशिक्यांना शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. बाहेर खटका नसला तरी आत तीन सेफ्टी आहेत: ट्रिगरच्या मधली बारीक पट्टी, फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी सुई) अडवणारी आणि पडल्यावर उडू न देणारी. ट्रिगर ओढला की या तिन्ही सुटतात. मग ओढणारं तुझं बोट असो, शर्टाचं टोक असो की जॅकेटची दोरी.

म्हणून होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर, पैसे वाचवू नकोस. त्याच मॉडेलचं, कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकणारं घे. जुनं, मऊ पडलेलं चामडं दुमडून ट्रिगरवर बसतं. नुसतं पँटमध्ये खोचणं किंवा किल्ल्यांच्या पिशवीत टाकणं तर अजिबात नको.

सगळ्यात जपायचं ते परत आत घालताना. तिथे घाई कसली? शर्ट बाजूला धर, बोट फ्रेमवर सरळ, होल्स्टरच्या तोंडाकडे बघत सावकाश सरकव. अडलं तर जोर लावू नकोस, बाहेर काढून बघ. घरी तर आधी होल्स्टरमध्ये घाल, मग होल्स्टरसकट कमरेला लाव. हातातून निसटलं तर पडू दे, झेलायला गेलास की बोट नेमकं ट्रिगरवर जातं.

सुरुवातीला चेंबर रिकामं ठेवायला माझी हरकत नाही. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढ, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपास, स्लाइड (वरचा सरकता भाग) एकदा ओढ आणि तसंच घरात दिवसभर वागव. संध्याकाळी ट्रिगर पुढेच असेल तर तो कशानेच दाबला गेला नाही. तुझी भीती याने जाईल. कायम रिकामं मात्र नको. स्लाइड ओढायला दोन हात लागतात, आणि तुझ्या एका हातात गल्ल्याची पिशवी असणार.

पेकानची सावली: घरी आल्यावर कुलुपाच्या पेटीत ठेवा. भरलेलं पिस्तूल निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्सासमध्ये गुन्हा होतो. आणि दारावर लाल ५१ टक्क्यांची पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथे पिण्याच्या दारूतून) असलेल्या बारमध्ये ते नेता येत नाही.

डॅलसकर: मावशी, आजच होल्स्टर मागवतो. दुकानातल्या बाथरूममध्ये काय करायचं?

रेंजवाली मावशी: बरं विचारलंस. होल्स्टरमधून काढायचंच नाही. पँट खाली गेली तरी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पट्ट्यालाच राहू दे. काही जण ट्रिगर गार्डमधून दाराच्या खुंटीला अडकवतात. ते कधीच करू नकोस, उतरवताना खुंटीच ट्रिगर दाबते.