नळाला एरेटर लावा, बांबूचा ब्रश राहू द्या

वॉशरवाला (धागाकर्ता)

सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरणारी ती पोस्ट बहुतेकांनी पाहिली असेल: ‘फ्लॅटमध्ये हिरवं जगण्याचे दहा सोपे उपाय’. बांबूचा टूथब्रश, स्टीलची स्ट्रॉ, एकसारख्या काचेच्या बरण्या, बेडरूममध्ये स्नेक प्लँट, लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम (साली आंबवून केलेलं फरशी पुसायचं पाणी) वगैरे. दहापैकी सात वस्तू विकत आणायच्या. धडधाकट बरण्या भंगारात घालून नव्या आणणं, याला शॉपिंग म्हणतात. आणि स्ट्रॉ? मुंबईकर स्ट्रॉने पितो ते शहाळं, तेही गाडीपाशी उभं राहून.

स्नेक प्लँटने घरातली हवा शुद्ध होते ही कथा १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून निघाली. त्यात झाडं बंद पेटीत होती. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा उघड्या खिडकीची बरोबरी करायला चौरस मीटरमागे १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. मग झोपायचं कुठे, पॅसेजमध्ये?

खरी कामं कंटाळवाणी आहेत. नळाला एरेटर बसवा, म्हणजे तोंडाशी बसणारी, धारेत हवा मिसळून पाणी वाचवणारी जाळी. आटे नळाच्या आतून असतील तर २४ मिमीचा, बाहेरून असतील तर २२ चा. मिनिटाला १०-१२ लिटर ओतणारं बेसिन ३ वर येतं. सिंकला मात्र ६ लिटरवाला घ्या, नाहीतर कढई धुताना शिव्या द्याल. बाथरूममध्ये बादलीच्या नळाला लावूच नका. १८ लिटरची बादली १८ लिटरच घेते, फक्त भरायला वेळ लागतो. टाकीतली रेती जाळीत बसते, दोन महिन्यांनी काढून जुन्या ब्रशने घासा. (प्लॅस्टिकच्या. तेवढ्यासाठी बांबूचा नको.)

पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या. ७५ वॉटऐवजी ३० वॉट, रोज १२ तास, म्हणजे पंख्यामागे महिन्याला १६ युनिटची बचत. फक्त भिंतीतला जुना रेग्युलेटर बायपास करून घ्या, तसाच ठेवलात तर पंख्याचं सर्किट जातं.

शेवटचं: महापालिकेचं पाणी येत असेल तर ओट्यावरचा आरओ फिल्टर काढा.

गच्चीतली तुळस

वॉशरकाका, इतकं खवळायचं कारण नाही. लोक ब्रशपासून सुरुवात करतात आणि पुढे कचऱ्याकडे वळतात. बायोएन्झाइमला तर काही विकत आणावं लागत नाही. ३०० ग्रॅम सालं, १०० ग्रॅम गूळ, १ लिटर पाणी. बाटली प्लॅस्टिकची आणि पाऊण भरलेली हवी, पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, तीन महिन्यांनी गाळायचं.

कडप्पावाला

ताई, आणि ते पुसताय कशावर? मार्बलवर? आंबलेलं आम्ल आहे ते. मार्बल, कडप्पा, कोटा, सगळ्यांची चकाकी उतरते, पांढुरके डाग पडतात आणि मग पॉलिशवाला बोलवावा लागतो. व्हिट्रिफाइड टाइल्सवर चालेल. ‘जंतू मरतात’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

गच्चीतली तुळस

मार्बलचं मान्य. पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. टोन मात्र तुमच्या फरशीइतकाच थंड आहे.

टँकरग्रस्त

आरओ काढा म्हणे! मुंबई म्हणजे फक्त पार्ले-दादर वाटतं का? उपनगरांच्या टोकाला नव्या टॉवरांत मे महिन्यात टँकर येतो. त्यात बोअरचं पाणी. चहावर साय यावी तसा पांढरा थर येतो, डाळ शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर वर्षात क्षार चढतात. भातसा-तानसाचं गोड पाणी पिऊन उपदेश करणं सोपं असतं.

वॉशरवाला

‘महापालिकेचं पाणी येत असेल तर’ हे शब्द वाचलेत का? टँकर कुठे म्हटलं मी? सात तलावांचं पाणी पावसाचं आहे, त्यात क्षार फार कमी. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा लिटरमागे ५०० मिग्रॅ आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आधीच मऊ पाण्यातून क्षार काढायचे, मग चवीसाठी टीडीएस कंट्रोलरने थोडं मूळ पाणी परत मिसळायचं. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० च्या खाली आरओ नको असंच सांगितलं होतं.

आता वाया जाणारं पाणी. एक लिटर गाळलं की तीन लिटर मोरीत. चौघांचं पिणं-स्वयंपाक धरून रोज १५ लिटर, म्हणजे ४५ लिटर बाहेर. शंभर फ्लॅटचे ४५०० लिटर, १० हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ अर्धा. तोच टँकर, जो मागवल्याबद्दल तुम्ही रडताय.

टँकरग्रस्त

रडत नाही, पैसे भरतो. आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये आरओ काढल्यावर दोन घरांत कावीळ झाली, त्याचं काय?

वॉशरवाला

दोन घरांची गोष्ट पुरावा नसते. टाकी कधी धुतली होती ते विचारा.

क्लोरीनताई

थांबा दोघेही. वॉशरवाले टीडीएस टीडीएस करतायत, पण टीडीएसचं मीटर विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही. पावसाळ्यात जलवाहिनीशेजारचं गटार फुटून मैला शिरला तरी आकडा ९० च्या जागी ११० दाखवेल आणि तुम्ही खुशाल प्याल. मीटरवाल्यांना जुलाब होत नाहीत असा काही नियम नाही.

टँकरग्रस्तांचंही चुकतंय. आरओच्या पडद्यातून जंतू जात नाहीत, पण त्यापुढच्या साठवण टाकीत क्लोरीन उरलेलं नसतं. दिवाळीला गावी जाऊन आठ दिवसांनी तेच पाणी प्यायलात तर आत बुळबुळीत थर धरलेला असतो. परत आल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा, पहिलं भरलेलं पाणीही सोडून द्या.

तपासायचं ते उरलेलं क्लोरीन. त्यासाठी ऑर्थोटॉलिडीन या रसायनाची छोटी बाटली मिळते. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, थेंब टाका, पिवळा रंग तक्त्याशी जुळवा. नळाला ०.२ मिग्रॅ प्रतिलिटर तरी हवं. महापालिकेच्या जोडणीपाशी पिवळं आणि स्वयंपाकघरात बिनरंगी, तर दोष सोसायटीच्या टाकीत आहे. झाकण फुटलेलं असतं, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नसते, कबुतरं उरलेलं काम करतात. दर सहा महिन्यांनी जमिनीखालची आणि गच्चीवरची अशा दोन्ही टाक्या धुणं हा उपाय, घराघरात मशीन नव्हे. मऊ पाण्याला ५ मायक्रॉनची गाळायची कँडल आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरतं. यूव्हीचा दिवा निळा दिसत असला तरी वर्षाने बदलायचा, कारण उजेड राहतो आणि मारकपणा जातो. पाणी गढूळ असेल तर कँडलशिवाय यूव्हीचा उपयोग नाही, किरण मातीआडच अडतात.

वॉशरवाला

जंतूंचं मी लिहायला हवं होतं. कबूल. यूव्ही हा शब्द माझ्या पोस्टमध्ये नव्हता, हेही कबूल. खूश?

क्लोरीनताई

नाही. पण चालेल.

ओला-सुका

पन्नास जण पाण्यात पडलेत आणि ओल्या कचऱ्यावर एकही ओळ नाही. देवनारच्या कचरा डेपोत १९२७ पासून टाकतोय आपण, मुलुंडचा डेपो २०१८ ला बंद झाला.

चौघांच्या घरात दिवसाला पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. २० लिटरच्या दोन जुन्या रंगाच्या बादल्या घ्या, बाजूने चार-चार बोटांवर ८ मिमीची भोकं, तळाला पाच, खाली ताट. बुडाशी नारळाच्या शेंड्या तीन इंच. मग एक वाटी ओलं, एक वाटी सुकं, म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). मूठ आवळून बघा: गोळा टिकला पाहिजे, थेंब टपकायला नको. नाकाला झोंबणारा वास आला तर सुकं कमी पडलंय. कुजक्या अंड्याचा आला तर हवा नाही, ढवळा. जुलैत कोकोपीट स्वतःच दमट होतं, तेव्हा खोक्यांचा पुठ्ठा सेलोटेप काढून स्टँपएवढा फाडून घाला. पेराएवढ्या करड्या अळ्या दिसल्या की लोक फिनेल ओततात आणि खत मरतं. त्या सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या, चावत नाहीत, उलट काम लवकर उरकतात.

कोलंबीची सालं आणि बोंबलाची डोकी फ्रीझरमध्ये साठवा, आठवड्याने मधोमध पुरा, वर दोन मुठी सुकं. आंब्याचे बाठे आणि करवंट्या मात्र नकोत, वर्षभर तशाच राहतात.

सी विंगचे सेक्रेटरी

घरोघरी कशाला? २०१७ पासून दिवसाला १०० किलोच्या वर कचरा असलेल्या सोसायट्यांनी आवारातच जिरवायचा असा महापालिकेचा आग्रह आहे. मशीन बसवा, विषय संपला.

ओला-सुका

विषय तिथे सुरू होतो, साहेब. ओडब्ल्यूसी (ऑरगॅनिक वेस्ट कन्व्हर्टर) मशीन कचरा बारीक करून भुशात आणि जिवाणूंच्या कल्चरमध्ये कालवतं, एवढंच. त्यातून निघतं ते खत नव्हे. ते जाळीच्या क्रेटमध्ये दहा-पंधरा दिवस ठेवावं लागतं, मध्ये मध्ये उलटावं लागतं, पाणी शिंपडावं लागतं. कमिटी मशीनचे लाखो रुपये मंजूर करते आणि क्रेटला जागा देत नाही, कारण तिथे पार्किंग असतं. मग वास येतो आणि मशीनवर ताडपत्री पडते.

सी विंगचे सेक्रेटरी

पार्किंगवर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा.

दुधाची पिशवी

फुकटातलं एक. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तो त्रिकोणी तुकडा इतका लहान की वेचणाऱ्यांच्या हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी उलटी करून धुवा, ओट्यामागच्या टाइलला चिकटवा, सकाळी सुकून आपोआप गळून पडते. जमलेली पिशवी भंगारवाला किलोवर घेतो. वेफर्सची चंदेरी घेणार नाही, भांडू नका त्याच्याशी.

टँकरग्रस्त

मूळ मुद्द्यावर या. टाकीतलं पाणी मोजलं, टँकरनंतरचं. टीडीएस २४०.

वॉशरवाला

अरेच्चा. सातशे-आठशे असेल असं धरून चाललो होतो आपण दोघेही.

टँकरग्रस्त

टोमणे नकोत. आरओ काढणार नाही, घरात ऐकणारं कुणी नाही. काय बदलू ते सांगा.

वॉशरवाला

रिजेक्टच्या (टाकाऊ पाण्याच्या) नळीवर बोटाएवढी पांढरी नळकांडी असते, तो एफआर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर. त्यावर आकडा छापलेला असतो, ४५० किंवा ५५०. म्हणजे मिनिटाला तितके मिली बाहेर. २४० टीडीएसला ३०० चा बसवा. सातशेला हाच बसवला असता तर पडद्यावर क्षार चढून तो लवकर गेला असता, म्हणून टीडीएसचा आकडा आधी मोजायचा. टाकी भरल्यावरही नळी ठिबकत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा) गेलाय, तो आधी बदला. आणि नळी मोरीत नको, बादलीत सोडा. तुमचं रिजेक्ट तीनशे-साडेतीनशेच्या आसपास निघेल, लादी पुसायला, फ्लशला, झाडांनाही चालेल.

टँकरग्रस्त

बादली भरून ओट्याखाली पाणी झालं तर?

वॉशरवाला

३०० च्या एफआरला १८ लिटरची बादली बरोबर तासाभरात भरते. मोबाइलवर ५५ मिनिटांचा गजर लावा.