अनुभव धागा : तुमची माहिती कुणी मागितली, तुम्ही काय केलंत?

परवा बेळगावच्या गणपत गल्लीत मुलाला दोन शर्ट घेतले. पैसे रोख मोजले, तरी काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "नंबर सांगा की वो, त्याशिवाय बिल निघत नाही." नंबर दिला नाही म्हणून गिऱ्हाईक अडवू नका, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. तसं सांगितल्यावर त्याने दहा शून्यं दाबली, बिल निघालं. इतकी वर्षं निमूट नंबर देत आलो याचं वाईट वाटलं. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठलेही असा, तुमच्यावर आलेलं लिहा.

निपाणीहून
दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या एका ॲपवरून आठ हजारांचं कर्ज घेतलं. ॲप उघडताना विचारेल त्याला 'अलाऊ' दाबत गेलो. हप्ता चार दिवस चुकला, तर पहिला फोन गेला माझ्या सासऱ्यांना. दुसरा, ज्यांना तंबाखू घालतो त्या व्यापाऱ्याला. "तुमचा माणूस बुडवा आहे," म्हणून. बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. कर्जाच्या ॲपने फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२२ चा नियम मला नंतर कळला. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांत गेलो, फोन बंद झाले. सासरी मात्र अजून मान खाली घालूनच बसतो.

खानापूरहून
झेरॉक्सच्या दुकानात आधार व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर गावातल्या निम्म्या लोकांची आधारं उघडी दिसत होती! माझं समोर उभं राहून पुसायला लावलं. आता जिथे चालतं तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार देतो.

शहापूर, बेळगावहून
आईने पतसंस्थेत संमतीच्या कागदावर सही केली. कागद कन्नड आणि इंग्रजीत. ती रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, पण स्वतः कशाला होकार दिला ते तिला मला विचारावं लागलं, आणि मीही कन्नड अडखळतच वाचते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल असं आहे. त्यात मराठी आहे. दिलेली संमती तितक्याच सहज मागेही घेता येईल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर थांबायचं कशाला? आईच्या नावाने मराठी नमुना मागणारा अर्ज दिला. पोच तिनेच मागून घेतली.