कळण्याच्या पिठात लोह घालायचं आहे, फेरस फ्युमरेट चालेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली. आमचा ११ जणींचा बचत गट आहे. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, बिबड्या, नागलीचे पापड आणि हिवाळ्यात बाजरीचं पीठ, एवढा आमचा पसारा.

मागच्या वर्षी गटातल्याच एकीच्या मुलीचं हिमोग्लोबिन शाळेच्या तपासणीत ८.२ निघालं. दहावीची पोर. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची आणि आम्ही सगळ्या म्हणायचो, जागरण करते म्हणून होतं. तेव्हापासून एकच गोष्ट मनात आहे. भाकरी तर ती रोज खाते, मग तिच्या पोटात जाणाऱ्या पिठातच लोह का घालू नये?

भाच्याने (फार्मसीला आहे) सांगितलं की फेरस सल्फेट पाण्यात लगेच विरघळतं, पण पिठाला धातूसारखी चव येते आणि पीठ लवकर बिघडतं. त्यापेक्षा फेरस फ्युमरेट बरं: पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून चव लागत नाही, पोटातल्या आम्लात मात्र विरघळतं. त्यात निव्वळ लोह साधारण ३३ टक्के. गव्हाच्या पिठात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह चालतं असं सरकारी मानकात वाचलं. तो हिशोब धरून १० किलो कळण्याच्या आणि १० किलो बाजरीच्या पिठात प्रत्येकी १ ग्रॅम पूड मिसळली. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं, पूड रसायनांच्या दुकानातून आणली होती. परातीत हाताने कालवलं. हे पीठ फक्त माझ्या घरात खाल्लं, कोणाला विकलं नाही.

भाकरीवर विटकरी ठिपके आले. काही भाकरी कोऱ्या, काहींवर ठिपकेच ठिपके. सासूबाईंनी विचारलं, "या ठिपका कसाना शेतस व माय?" आणि माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. कळण्याचं पीठ महिनाभर नीट राहिलं, बाजरीचं बाराव्या दिवशी खवट.

हा खवटपणा लोहाने आला का? ठिपके टाळायला दुसरं कुठलं संयुग घ्यावं? गटातली एक म्हणते, सरकारी लाल गोळ्याच कुटून पिठात घालू, फुकट मिळतात. मला ते पटत नाही, पण नाही का म्हणायचं ते नीट सांगता येत नाही. शिवाय आमचं निम्मं पीठ सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जातं. तिथे सिकलसेलची, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली लेकरं आहेत. त्यांना हे चालेल का, या काळजीने काम थांबवून ठेवलंय.

---

पीठमीठ, जळगाव:

ताई, तुमचा हिशोब चुकला नाही, मिसळणं चुकलं. १ ग्रॅम पुडीत सुमारे ३३० मिलिग्रॅम लोह, म्हणजे किलोला ३३ पडलं. पण घरच्या काट्याचा १ ग्रॅम कधी अर्धा असतो, कधी दीड, आणि परातीत हाताने कालवून एवढीशी पूड १० किलोत सारखी पसरत नाही. ठिपके त्याचेच. कोऱ्या भाकरीत लोह नाही आणि ठिपक्यांच्या भाकरीत गरजेपेक्षा जास्त.

आधी पूर्वमिश्रण तयार करा. १० ग्रॅम पूड, तेवढंच पीठ, दोन्ही एकजीव झालं की पुन्हा तेवढंच पीठ, असं वाढवत एकूण १ किलो करायचं. आता या पूर्वमिश्रणाच्या ९ ग्रॅममध्ये साधारण ३० मिलिग्रॅम लोह आलं, म्हणजे एक किलो पिठापुरतं. ५० किलोला ४५० ग्रॅम पूर्वमिश्रण लागेल, ते साध्या काट्यावरही नीट मोजता येतं. मिसळायला झाकणाचं फिरतं पिंप घ्या, गिरणीच्या पाळूतून काढून भागणार नाही.

बाजरीचा दोष एकट्या लोहावर टाकू नका. बाजरीत स्निग्धांश जास्त, ती दळली की आपसूकच आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागते. लोह त्यात घाई करतं, हे खरं. पुढच्या खेपेला बिनलोहाचं पीठ त्याच दिवशी दळून शेजारी ठेवा, म्हणजे लोहाचा वाटा किती ते दिसेल. माझं मत विचाराल तर बाजरी या कामातून वगळाच.

दुसरं संयुग म्हणाल तर फेरिक पायरोफॉस्फेट पांढरट असतं, ठिपका दिसत नाही, फोर्टिफाइड (लोह घातलेल्या) तांदळात तेच वापरतात. पण ते पोटातही कमीच विरघळतं. कळण्यात मला सोडियम आयर्न ईडीटीए जास्त योग्य वाटतं. ज्वारी आणि उडदातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. ईडीटीए लोहाला त्याच्यापासून वाचवतं, त्यामुळे असल्या जेवणातून ते सल्फेटपेक्षा दोन-तीन पट शोषलं जातं. म्हणून मानकात त्याचं प्रमाणही निम्मं आहे, किलोला १४ ते २१.२५ मिलिग्रॅम लोह. महाग पडतं आणि त्यात लोह १३ टक्केच, तेव्हा हिशोब नव्याने करावा लागेल.

दुकानातली पूड मात्र आजच बाजूला ठेवा. खाद्य दर्जाचीच हवी, शिसं आणि आर्सेनिक किती हे लिहिलेल्या तपासणी दाखल्यासह. आणि फोर्टिफाइड पदार्थांच्या पाकिटावरचं ते निळं प्लस एफ चिन्ह आपल्या मनाने छापायचं नसतं. अन्न परवान्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

---

सातपुड्याची सिस्टर:

ताई, गोळ्या कुटायला ठाम नाही म्हणा. त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती एका माणसासाठी मोजून दिलेली असते. पिठात घातली की कोणाच्या ताटात किती गेली याचा पत्ता लागत नाही. लहान मुलांना लोह जास्त झालं तर जिवावर बेततं. तुमची ती पूडही उंचावर, कुलपात ठेवा.

दुसरं, पीठ म्हणजे औषध नव्हे. पोरगी दिवसाला पाव किलो पीठ खात असेल तर ३० च्या हिशोबाने तिला साडेसात मिलिग्रॅम मिळतील. त्या वयात रोजची गरज ३० च्या आसपास. ८.२ वाल्या मुलीला डॉक्टरांकडे न्या, गोळ्या वेगळ्या लागतील. गोळीने शौच काळी होते, पोट जड होतं, म्हणून आमच्याकडे मुली चौथ्या दिवशी गोळ्या फेकून देतात. शौच काळी होणारच, हे तिला आधीच सांगून ठेवा. आणि भाकरीनंतर लगेच चहा नको. चहाने लोह अडतं, लिंबू-आवळ्याने खुलतं.

सिकलसेलचं तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. ज्या लेकरांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या शरीरात लोह साठतं, कारण जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. सिकलसेलच्या सगळ्यांचं असं नसतं, काहींना लोह कमीही असतं. रक्तातलं फेरिटिन (यावरून शरीरात लोह किती साठलंय ते कळतं) तपासून डॉक्टरच ठरवतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी पाकिटावर सूचना छापायची असं २०१८ च्या मानकांत होतं. तुम्ही ती मोठ्या अक्षरात छापा आणि पाड्यावर पीठ देताना तोंडीही सांगा, वाचणारं घरात असेलच असं नाही.

---

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. काल गटाच्या बैठकीत सगळं वाचून दाखवलं. बाजरी बंद. गोळ्यांचा विषय संपला. जुनी पूड कुलपात आहे, ती वापरणार नाही. पाड्यांवर तूर्त साधंच पीठ जाईल, लोहाचं फक्त गावात, वेगळ्या रंगाच्या पाकिटात आणि तेही कार्यालयातून होकार आल्यावर. मुलीला सोमवारी तालुक्याच्या रुग्णालयात नेतोय, तिची सिकलसेलची तपासणीही तिथेच करून घेऊ.

एक अडचण उरली. सोडियम आयर्न ईडीटीए विकणारे २५ किलोच्या खाली बोलत नाहीत. जळगाव-धुळ्याकडे कोणी एक-दोन किलो, दाखल्यासह देत असेल तर इथेच कळवा.