४० कोअर घेऊनही ओसीआर लॅपटॉपइतकंच सावकाश

जुनी_पानं (कलिना):
१९०० ते १९३० दरम्यान मुंबईत छापलेल्या मराठी नियतकालिकांची ४०,००० पानं ३०० डीपीआयला स्कॅन झाली आहेत. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या) लॅपटॉपवर पानामागे साधारण २० सेकंद लागतात. विद्यापीठाच्या क्लस्टरवर (जोडलेल्या संगणकांच्या संचावर) ४० कोअरचा, म्हणजे ४० गणनकेंद्रांचा, अख्खा नोड (त्यातला एक संगणक) घेतला तरी वेग तेवढाच. स्क्रिप्ट फोल्डरमधली पानं एकामागून एक वाचते. जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) मागावा का?

रांगेतला_जॉब:
जीपीयू नको, टेसरॅक्टला त्याचा काही उपयोग नाही.

स्क्रिप्ट एका वेळी एकच पान घेते आणि टेसरॅक्ट फार तर ४ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उघडतो. उरलेले ३६ कोअर नुसते बसून. त्या ४ थ्रेडनीही वेळ फारसा वाचत नाही. म्हणून ओएमपी_थ्रेड_लिमिट (थ्रेडची मर्यादा ठरवणारी सेटिंग) १ ठेवा आणि एका कोअरला एक पान द्या. ४०,००० गुणिले २० सेकंद म्हणजे सुमारे २२२ कोअर-तास. ४० कोअर खरोखर राबले तर सहा तासांच्या आसपास काम आटोपतं.

स्लर्ममध्ये (क्लस्टरवरची कामं रांगेत लावणाऱ्या शेड्युलरमध्ये) जॉब ॲरे, म्हणजे एकसारख्या जॉबची मालिका, लावा: २०० पानांचा एक गठ्ठा, असे २०० गठ्ठे, एका वेळी ४० चालू. प्रत्येकाला १ कोअर, २ जीबी मेमरी, २ तास. पानागणिक एक जॉब टाकू नका. ॲरेचा आकार स्लर्ममध्ये मुळात १००१ वर अडतो. शिवाय असे छोटे जॉब शेड्युलर मोठ्या जॉबच्या मधल्या फटींत बसवतो. अख्खा नोड मागितलात की तो रिकामा होईपर्यंत ताटकळत बसा.

टार_आणि_स्क्रॅच:
फायलींचं काय करताय? ए४ आकाराचं ग्रे पान न दाबता ८.७ एमबी होतं, म्हणजे एकूण ३५० जीबीच्या घरात. होममध्ये (क्लस्टरवरच्या तुमच्या खात्याच्या जागेत) मावणार नाही. स्क्रॅचवर (तात्पुरत्या साठवणीच्या जागेत) ठेवा, पण तिथली साफसफाई ठरलेली असते, त्यामुळे मूळ प्रत दुसरीकडे हवीच.

क्लस्टरच्या लस्टर या सामायिक फाइल सिस्टिमला मोठ्या फायली मानवतात, हजारो चिल्लर फायली नाहीत. प्रत्येक उघडझाप फायलींची नोंद ठेवणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरकडे जाते आणि त्याच क्लस्टरवरच्या रसायनशास्त्रवाल्यांचं कामही रेंगाळतं. मग तक्रार तुमच्या नावाने! गठ्ठ्यामागे एक टार (अनेक फायली एकत्र बांधलेली फाइल) करा, ती नोडच्या स्वतःच्या डिस्कवर उलगडा आणि मजकूर पुन्हा टारमध्येच परत आणा.

जुनी_पानं (कलिना):
मग हवामानवाले एकाच जॉबला दहा-दहा नोड कसे वापरतात?

रांगेतला_जॉब:
त्यांच्या मॉडेलमध्ये नकाशाच्या प्रत्येक तुकड्याला दर पायरीला शेजारच्या तुकड्याचे आकडे लागतात. त्यासाठी एमपीआय (नोडनी एकमेकांना आकडे पाठवायची पद्धत) आणि नोडना जोडणारं इन्फिनिबँडचं वेगवान जाळं लागतं. तुमच्या पानांना एकमेकांशी देणंघेणं नाही. तुमचं काम त्याहून कितीतरी सोपं आहे.

खिळा_जुळारी:
सगळं लावण्याआधी ५० पानं हाताने टंकून अक्षरचुकांचं प्रमाण काढा. मराठीचं आणि देवनागरी लिपीचं, अशी दोन्ही मॉडेलं त्यावर ताडून पाहा. टेसरॅक्टला पीएसएम (पानाची मांडणी कशी वाचायची ते सांगणारा पर्याय) ६ दिलंत तर अख्खं पान एकच ठोकळा समजून दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. ३ (मांडणी आपोआप ओळखणारा) राहू द्या. शिळाछाप आणि मोडी पानं आधीच वेगळी काढा, त्यांच्यावर कोअर-तास फुकट जातील.