मदत हवी: व्हाळातला गाळ काढायला डीएमएफचे पैसे मिळतात का?

व्हाळाकाठचा (धागाकर्ता)
सरळ विचारतो. आमच्या व्हाळातला (ओढ्यातला) गाळ काढायला खाणबाधितांसाठीच्या जिल्हा खनिज निधीतून (डीएमएफ) पैसे मिळतात की नाही? मिळत असतील तर अर्ज कुठे द्यायचा? पंचायतीचं पत्र घेऊन तीन कचेऱ्या फिरलो. पहिलीकडे म्हणाले हे खाण खात्याचं काम. तिथे म्हणाले जलस्रोत खात्याकडे जा. तिथे म्हणाले आमच्याकडे एवढी तरतूद नाही, वर विचारा. वर म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. पाऊस महिन्यावर आलाय. गेल्या वर्षी सरदाचं (पावसाळी) भात लाल पाण्याखाली गेलं, वायंगण (पावसाळ्यानंतरचं पीक) तर कधीच सोडलंय. कृपया नुसतं 'आरटीआय टाका' लिहू नका. तीस दिवस थांबायला वेळ नाही.

काजूबोंड
कुठला तालुका? उत्तर गोवा की दक्षिण गोवा? निधी जिल्हावार असतो, दोन्हीकडे वेगळा ट्रस्ट.

फायलीत_आयुष्य_गेलं
तालुका सांगा, अर्ज कोणाच्या नावाने केलाय ते सांगा, व्हाळाची जागा कोणाची ते सांगा. 'पंचायतीचं पत्र' म्हणजे सरपंचांच्या सहीचं पत्र की ग्रामसभेचा ठराव? दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक. मी ३१ वर्षं हेच कागद इकडून तिकडे सरकवलेत.

घुमट_वाजे
खासदार निधीतून करा की! वर्षाला ५ कोटी असतात एका खासदाराला. गोव्यात लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक. आमच्या वाड्यावरचं सभागृह त्यातूनच झालं. अर्ज दिला, पाठपुरावा केला, झालं.

काजूबोंड
घुमट, सभागृह ही टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता. खासदार निधी त्यासाठीच. गाळ काढला की पुढच्या पावसात परत भरतो, त्याला मालमत्ता कोण म्हणेल?

घुमट_वाजे
विचारायला काय जातं? तुम्ही लोक आधीच नाही म्हणता म्हणून कामं होत नाहीत.

रानमाणूस
मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. गाळ आला कुठून? २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं दुसरं नूतनीकरण रद्द केलं, पण टाकाऊ मातीचे ढीग, डंप, तिथेच उभे आहेत. ज्यांनी माती उपसली त्यांच्याकडून वसूल करा. सरकारी पैशातून का?

व्हाळाकाठचा
रानमाणूस, बरोबर आहे, पण कोर्टात जाईपर्यंत माझी मुलं म्हातारी होतील.
तालुका सत्तरी. पत्र सरपंचांच्या सहीचं आहे, ठराव नाही. जागेचं माहीत नाही, व्हाळ व्हाळच असतो ना, त्याचा मालक कोण असणार? खाण आमच्या गावात नाही, शेजारच्या गावात होती आणि ती बंद आहे. बहुतेक म्हणूनच 'तुम्ही बाधित नाही' म्हणाले.

फायलीत_आयुष्य_गेलं
अहो, मग हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! 'तुम्ही बाधित नाही' हेच खरं दुखणं, आणि तुम्ही ते शेवटच्या ओळीत टाकलंत.

नीट वाचा. निधीचा केंद्राचा कायदा २०१५ चा, त्यावरची योजना पंतप्रधान खनिज क्षेत्र कल्याण योजना. जुन्या लीजधारकाने रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या लीजधारकाने १० टक्के रक्कम या निधीत भरायची. आता बाधित कोण? खोदकाम जिथे झालं तेवढंच नव्हे. टाकाऊ माती जिथे टाकली ते डंप आणि खनिज वाहतुकीचे रस्तेसुद्धा खाणकामातच मोजलेत. शिवाय २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा परिसर थेट बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित धरलाय. तुमचं गाव कितीवर आहे?

व्हाळाकाठचा
डंप घराच्या मागच्या दारातून दिसतो. दोन किलोमीटर फार तर.

फायलीत_आयुष्य_गेलं
मग 'खाण बंद' हे कारण चालायचं नाही. अर्जात खाणीचं नाव मागे ठेवा आणि डंप पुढे आणा. डंप बंद झालेला नाही, दर पावसाळ्यात चालूच असतो.

बागायतीण
मी वेगळंच सांगते. पंचायतीकडे वित्त आयोगाचे पैसे येतात, ते वापरा. आमच्या सरपंचांनी त्यातून विहिरी साफ केल्या.

काजूबोंड
माई, त्या पैशाला बंधनं आहेत. पंधराव्या आयोगाने ६० टक्के बांधून दिले होते, ३० पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी, ३० स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्क्यांत पंचायतीचे दिवे, गटारं, वाटा सगळं. मुख्य म्हणजे तो आयोग २०२५-२६ पर्यंतचाच. विहीर साफ करणं वेगळं आणि शेतातला व्हाळ मोकळा करणं वेगळं.

बागायतीण
तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला नन्नाचा पाढा.

सह्याद्रीचा_वारा
पूर्वी पश्चिम घाट विकास कार्यक्रम होता, १९७४-७५ ला सुरू झाला. पाणलोट, बांध, झाडं अशी कामं त्यातून झाली. तोच चालू ठेवला असता तर हा धागा निघाला नसता.

घुमट_वाजे
बंद पडलेल्या योजनेचं आता काय करायचं, लोणचं घालायचं?

नवी_वाट
इथे कोणी गृह आधार योजनेबद्दल सांगू शकेल का? महिन्याचे १५०० रुपये तीन महिने जमा झाले नाहीत. बँकेत विचारलं, काही सांगत नाहीत.

काजूबोंड
वेगळा धागा काढा.

बागायतीण
नवी वाट, महिला आणि बालविकास खात्यात विचारून या. आणि व्हाळाकाठचे दादा, भात गेलं असेल तर शेतकरी आधार निधीचा अर्ज विभागीय कृषी कार्यालयात द्या. नुकसानभरपाई मिळते.

व्हाळाकाठचा
माई, नुकसानभरपाई नको, व्हाळ मोकळा हवा. भरपाई घेऊन पुढच्या वर्षी परत भरपाईच मागायची का?

अपरांत
सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या निकालात खनिजाच्या विक्रीच्या १० टक्के रक्कम कायम निधीत टाकायला सांगितली होती. ती मागा. ती लोकांचीच आहे.

फायलीत_आयुष्य_गेलं
अपरांत, गल्लत करू नका. तो कायम निधी पुढच्या पिढ्यांसाठी, मुद्दल राखायची म्हणून. आपला विषय जिल्ह्याचा निधी, हा आत्ताच्या बाधितांवर खर्च करायचाय. दोन्ही खनिजातून येतात, पण पिशव्या वेगळ्या.

आता मुख्य मुद्दा. या निधीत पैसे दोन भागांत विभागतात. २०१५ च्या तत्त्वांत किमान ६० टक्के प्राधान्याच्या विषयांवर होते, २०२४ पासून किमान ७०. प्राधान्यात पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण आणि पर्यावरण संरक्षण व प्रदूषण नियंत्रण येतं. सिंचन आणि पाणलोट दुसऱ्या, छोट्या भागात, रस्ते-पुलांच्या रांगेत. तुमच्या पत्राचा विषय काय लिहिलाय?

व्हाळाकाठचा
"व्हाळातील गाळ काढून शेतीस पाणीपुरवठा सुरळीत करणेबाबत."

फायलीत_आयुष्य_गेलं
म्हणजे सिंचन. स्वतःच्या हाताने छोट्या रांगेत जाऊन उभे राहिलात. विषय बदला: "डंपमधून वाहून आलेल्या खनिज मातीमुळे शेतजमीन व व्हाळाचे झालेले प्रदूषण रोखणेबाबत." त्यात दोन कामं मागा. एक, गाळ काढणं. दोन, डंपच्या पायथ्याशी गाळ अडवणारा बंधारा. दुसरं नसेल तर पहिलं फुकट, आणि छाननी करणारा इंजिनीयर तेच विचारणार.

रानमाणूस
म्हणजे शब्दांचा खेळ केला की पैसे मिळतात, हेच ना?

फायलीत_आयुष्य_गेलं
खेळ नाही, दोन्ही खरं आहे. लाल पाण्याने शेत बुडतं हे प्रदूषणच. त्यांनी ते सिंचन म्हणून लिहिलं ही त्यांची चूक.

मोजपट्टी
मी सिव्हिलचा, सरकारी नाही. अंदाजपत्रकाशिवाय फाइल पुढे जाणार नाही. गाळ किती साठलाय हे कसं दाखवणार? 'खूप' चालत नाही. जुनी काही खूण आहे का, पुलाची कमान, घाट, पायऱ्या?

व्हाळाकाठचा
आहे! आजोबांनी कपडे धुवायला जांभ्या दगडाच्या पायऱ्या बांधल्या होत्या. मी लहान असताना सात होत्या, सगळ्यात खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायचो. आता दोन दिसतात. पाय घातला तर पोटरीपर्यंत लाल चिखल, आणि उन्हाळ्यात वर कवच धरतं. पॉवर टिलरची चाकं त्यावर घसरतात.

मोजपट्टी
छान. दोन्ही पायऱ्यांची उंची मोजा आणि एका जागी खणून तिसरी शोधा. फोटोत टेप दिसू द्या. व्हाळाची रुंदी आणि लांबीही कळवा.

व्हाळाकाठचा (दोन दिवसांनी)
भावाला घेऊन खणलं. पायरी नऊ इंचांची. तिसरी सापडली, चौथी सापडली, मग पाणी आलं, पण पाचवी पायाला लागली. रुंदी सरासरी चार मीटर, भरलेला पट्टा दोनशे मीटर.

मोजपट्टी
म्हणजे पाच पायऱ्या बुडालेल्या, ४५ इंच, सुमारे सव्वा मीटरच्या थोडं आत. नऊशे घनमीटरच्या आसपास. दहा टनी ट्रकच्या दीडशेहून जास्त फेऱ्या. हा आकडा अर्जात लिहा, वर 'प्राथमिक अंदाज' असं स्पष्ट घाला. आणि पुढचा प्रश्न: काढलेली माती टाकणार कुठे? त्यात खनिज असतं. खाण खात्याला विचारल्याशिवाय एक फेरीही हलवू नका, नाहीतर चोरटी वाहतूक म्हणून तुमच्याच ट्रकला पकडतील.

घुमट_वाजे
रोजगार हमीत करून घ्या, माती हाताने काढतील.

काजूबोंड
त्या मजुरीवर आमच्या गावात काजू वेचायला माणूस मिळत नाही, गाळ कोण काढतो?

फायलीत_आयुष्य_गेलं
व्हाळाकाठचे, क्रम असा ठेवा. एप्रिलच्या रविवारच्या ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात 'डंप' शब्द आणि तुमचा आकडा आलाच पाहिजे. तलाठ्याकडून एक-चौदाचे (जमिनीचा कब्जेदार दाखवणारे) उतारे काढा, व्हाळाला स्वतंत्र सर्व्हे नंबर आहे की तो कोणाच्या शेतातून जातो ते पाहा. सत्तरीत हे आधी बघावं, मोकासो आणि अल्वाराच्या (जुन्या काळी सनदेने दिलेल्या) जमिनींत कब्जेदार एक आणि कसणारा दुसरा असतो. मग ठराव, उतारे, फोटो घेऊन उत्तर गोवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, ट्रस्टचे अध्यक्ष तेच. प्रत खाण खात्याला. पोच घ्या, तारखेचा शिक्का हवा.
खरं सांगतो, डीएमएफचं काम या पावसाआधी होणार नाही. तोवर जलस्रोत खात्याकडे पावसाळापूर्व सफाईत फक्त पुलाजवळचा पट्टा मागा, तेवढं होऊ शकतं.

व्हाळाकाठचा (रविवारी रात्री)
ठराव झाला. दोन पंचांनी 'शेजारच्या गावची भानगड आपण का घ्यायची' म्हणत अर्धा तास घालवला. सचिवांनी लिहिताना 'खाण' लिहिलं, 'डंप' नाही. मी कागद परत घेतला, त्यांनी पेनाने शब्द घालून शेजारी सही केली. पुलाजवळची पाहणी गुरुवारी, जलस्रोतचे कनिष्ठ अभियंता येणार म्हणतात.
आता माती टाकायला देवळामागची पडीक जागा आहे, ती देवस्थानची. परवानगी कोणाची लागते?

काजूबोंड
देवस्थानांचे प्रशासक म्हणजे मामलेदार. पण आधी महाजनांना (देवस्थानच्या मानकरी सभासदांना) विचारा, नाहीतर गाळाआधी भांडण उपसायला लागेल.

व्हाळाकाठचा
महाजनांत माझे सासरे आहेत. उद्या जातो.

नवी_वाट
माझ्या गृह आधारचं कोणी सांगेल का?