डोक्याला मार लागून पाच महिने झाले, मुलीला वाचलेलं लक्षात राहत नाही

मुलगी १५ वर्षांची. फुटबॉल खेळताना दुसऱ्या मुलीशी डोक्याला डोकं आपटलं. शुद्ध गेली नाही, उलटी एकदा झाली. निदान कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूला बसलेला धक्का. सीटी आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल (कन्कशनमध्ये ते बहुधा नॉर्मलच येतात, हे कळलंय).

डोकेदुखी आणि चक्कर दीड महिन्यात थांबली. पण पान वाचून संपेपर्यंत वरचं विसरते, गणितातली मधली पायरी निसटते, वीस मिनिटांत थकून जाते. आधी असं कधीच नव्हतं. झोप, नजर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ सगळं तपासलं, ठीक आहे. थोडी चिडचिड आहे. ती कारण आहे की परिणाम, सांगता येत नाही.

सुरुवातीला दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं, आता रोज अर्धा तास सायकल. चेंडूचा खेळ बंद. शाळेनं परीक्षेला जादा वेळ दिलाय. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, बहुतेक मुलं ४ आठवड्यांत सावरतात, काहींना महिने लागतात, धीर धरा. धरलाय.

आता न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी (स्मरण, लक्ष, विचाराचा वेग मोजणारी) करावी का, यावर अडलोय. दुखापतीआधीची चाचणी नाही, तुलनेला फक्त जुने गुण. औषधं सुचवू नका, ते डॉक्टरांवर सोडलंय. ज्यांनी मुलांची ही चाचणी केली त्यांनी सांगावं: आधीची नोंद नसताना अहवालातून शाळेत आणि अभ्यासात वापरता येईल असं काही हाती लागलं का, आणि ती किती महिन्यांनी केली होती?