रोमिओ-ज्युलिएटला दैवानं मारलं की माणसांनी?

तिसरं गेट, बेळगाव
गेल्या रविवारी आमच्या टिळकवाडीतल्या वाचन गटात 'रोमिओ अँड ज्युलिएट' अख्खं वाचलं, मोठ्यानं, भूमिका वाटून घेऊन. संपल्यावर चहाला बसलो तर सगळ्यांचं एकच, नशीबच फुटकं ओ बिचाऱ्यांचं. मला हे पटलेलं नाही, चार दिवस झाले डोक्यातनं जाईना म्हणून इथं लिहितोय.

मान्य आहे, नाटक 1595 च्या आसपासचं, आणि पडदा उघडताच पहिल्या 14 ओळींतच सांगून टाकलंय की ग्रहतारे आडवे आलेली ही जोडी मरणार. पण पुढं घडतंय काय ते बघा. रविवारी भेट, सोमवारी लग्न, आणि आठवडा संपायच्या आत दोघं थडग्यात. ज्या जुन्या इंग्रजी काव्यावरनं (आर्थर ब्रूक, 1562) शेक्सपिअरनं गोष्ट उचलली त्यात हेच सगळं कित्येक महिने चालतं. म्हणजे ही घाई त्यानं मुद्दाम आणलीय. दैव दाखवायचं असतं तर महिने चालले असते की.

आणि ती जागा, जिथं मी वाचताना अडखळलो. रोमिओ तडीपार होऊन मांटुआ शहरात, त्याचा नोकर बाल्थझार तिथं येऊन सांगतो, ज्युलिएट गेली. (खरं तर दोघांचं लग्न लावणाऱ्या महाराजांनी, म्हणजे साधू लॉरेन्सनं, दिलेल्या औषधानं ती मेल्यागत झोपलेली, आणि ते कळवणारी त्यांची चिठ्ठी वाटेतच अडलेली.) रोमिओ विचारतो, महाराजांची चिठ्ठी नाही आणलीस? तो म्हणतो नाही. यावर रोमिओ काय म्हणतो तर, असू दे. आणि घोडे भाड्यानं आणायला सांगतो, मग 40 डुकाट (सोन्याची नाणी) मोजून विष घेतो. बाल्थझार बिचारा हात जोडून सांगतोय, जरा धीर धरा मालक. एक नोकर सांगतोय! एक दिवस थांबला असता, महाराजांना माणूस पाठवून विचारलं असतं, तर दोघं जिवंत. आपल्याकडं म्हणतातच, दैव देतं आणि कर्म नेतं.

निपाणीची लेक
दादा, तुमचं वाचलं, पण तुम्ही ती चिठ्ठी अडली कशी ते सोडूनच दिलंत. पत्र घेऊन निघालेला दुसरा साधू, जॉन, वाटेत सोबतीला म्हणून आपल्याच पंथाच्या एकाला शोधायला जातो, तो आजाऱ्यांकडं गेलेला, आणि शहराचे तपासनीस येतात, घरात प्लेग असेल म्हणून दोघांना आत ठेवून दार बंद करतात. पत्र परत पाठवायलासुद्धा कुणी मिळत नाही, सगळे संसर्गाला भिऊन. यात कुणाची घाई? कुणाचा राग? कुणाचंच काही नाही. शेक्सपिअरनं स्वतः बघितलंय हे, त्याच्या लंडनमधली थिएटरं 1592 ते 94 मध्ये बराच काळ प्लेगपायी बंद होती.

आणि माझ्या घरचं सांगते. 2020 ला माझे मामा कोल्हापुरात गेले, आम्ही निपाणीत. किती अंतर ते तुम्हाला माहीत आहे, एरवी तासाभरात पोचतो. नाक्यावर अडवलं, पास नाही म्हणून. आईनं गाडीतनं उतरून हात जोडले, तो पोरगा पोलीस पण रडकुंडीला आलेला, म्हणाला मावशी माझ्या हातात नाही ओ. आई शेवटी रस्त्याकडेला उसाच्या बांधावर बसली आणि तिथनंच कोल्हापूरच्या दिशेला नमस्कार केला. त्याला मी दैव नाही तर काय म्हणू? सगळ्याला माणूसच जबाबदार असं म्हणायला घरात बसून सोपं वाटतं, दार बाहेरनं बंद झालेलं असलं की कळतं.

खानापूरकर
ताईंशी सहमत, आणि एक जास्तीचं. आमच्यात पाचवीला बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवी रात्री येऊन नशीब लिहिती म्हणून. सकाळी कागद कोराच असतो, पण लिहिलेलं असतं, फक्त वाचता येत नाही एवढंच. त्या पहिल्या 14 ओळी म्हणजे सटवीचा लेख बघा. फरक एवढाच की तो आपल्याला वाचून दाखवलाय आणि त्या दोघांना नाही. म्हणून ज्युलिएट बाल्कनीत हसून बोलायला लागली तरी आपल्या पोटात गोळा येतो. दैव काढून टाकलं तर हा गोळा जातो, राहतं काय, दोन पोरांची घाई आणि एक पोलीस केस.

सटवीचा हा लेख सुरू कुठं होतो तेही बघा. ज्युलिएटच्या वडिलांनी जेवणाचं आवतण द्यायला यादी देऊन नोकराला पाठवलंय, त्याला वाचता येत नाही, आणि रस्त्यात भेटलेल्या ज्या माणसाला तो यादी वाचून मागतो तो रोमिओ! दुश्मनाच्या घरची यादी, त्याच्याच हातात. याला योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा.

वडगाव पाटील गल्ली
सगळे रोमिओवरच बोलूलालेत. पोरीचं कोण बघणार? 14 पुरी व्हायला दोन आठवडे बाकी असलेली पोर ती. बाप सुरुवातीला स्थळाला सांगतो, अजून दोन उन्हाळे जाऊ देत, आणि तिची मर्जी पण बघायला पाहिजे. शहाणा बाप वाटतो. घरात भाचा मेल्यावर तोच बाप परस्पर गुरुवारची तारीख ठरवतो, ती नको म्हणाली तर फरपटत नेईन म्हणतो, आणि ती माफी मागायला आली तर खूश होऊन लग्न बुधवारवर आणतो. एक दिवस आधी! औषधाचा अंमल 42 तासांचा, सगळं गणित त्या एका दिवसानं आणखी आवळलं. आणि शेवटी ते महाराज, थडग्यात पोरगी जागी झालेली, नवरा शेजारी मरून पडलेला, बाहेर पहारेकऱ्यांचा आवाज आला म्हणून तिला तिथंच टाकून पळाले. यातला कुठला ग्रह ओ?

मी हे मुद्दाम लिहितेय कारण दैव हा शब्द आमच्या घरात मी लई ऐकलाय. माझ्या मोठ्या बहिणीचं ठरलेलं मोडलं, का तर मुलाकडचे दुसऱ्या जातीचे कळलं. आजपर्यंत घरात म्हणतात तिच्या नशिबात नव्हतं. कागदावर लिहिलेलं नव्हतं, काकांनी फोन करून मोडलं. मी पलंगावर बसून ऐकत होते, आठवीत होते. ब्रूकच्या त्या काव्याच्या प्रस्तावनेतसुद्धा दोष प्रेमिकांनाच, आईबापांचं ऐकलं नाही म्हणून. 1562 पासून हेच.

खानापूरकर
ताई बहिणीचं वाचून वाईट वाटलं खरंच. त्याला दैव म्हणू नये, मान्य. पण शाकुंतल घ्या. संगीत शाकुंतल 1880 ला रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यात दुर्वासाचा शाप, अंगठी पाण्यात पडते, राजा ओळखत नाही. मग तीच अंगठी माशाच्या पोटातनं निघते. दैवानं नेलं, दैवानंच आणून दिलं. व्हेरोनात, रोमिओ-ज्युलिएटच्या गावात, चिठ्ठी परत येत नाही. दैव तेच, तिकडं कठोर.

तिसरं गेट, बेळगाव
उलट शाकुंतलानं माझंच म्हणणं पक्कं होतंय. शकुंतलेला वर्षं मिळाली, भरत मोठा होईपर्यंत. रोमिओनं स्वतःला एक रात्र पण दिली नाही. वेळ असला की अंगठी सापडते ओ. डेव्हिड गॅरिक या इंग्रज नटानं 1748 ला हे नाटक केलं तेव्हा रोमिओ मरायच्या आधी ज्युलिएट जागी होते असा बदल केला, दोघं थडग्यात बोलतात. पाच मिनिटांचा फरक, आणि प्रेक्षकांना तेच हवं होतं. मूळ नाटकात ती पाच मिनिटं रोमिओनं घालवलीत.

पण निपाणीच्या ताई, तुमच्या आईचं वाचून मी बराच वेळ काही टाइप करू शकलो नाही. दैव कुठंच नाही असं माझ्या बोलण्यात आलं असेल तर ते मागे घेतो. दार बंद झालं, चिठ्ठी अडली, ते दैव. पण चिठ्ठी नाही कळल्यावर 'असू दे' म्हणाला ते दैव नव्हे, तिथनं मी हलणार नाही.

निपाणीची लेक
दादा, बायको मेली म्हणून कळल्यावर चिठ्ठीचं काय करणार माणूस? आईला त्या दिवशी कुणी म्हटलं असतं जरा धीर धरा, उद्या पास मिळेल, तर तिनं ऐकलं असतं होय? तुम्ही त्याला घाई म्हणता. माझ्या मते त्या 'असू दे' मध्ये त्याचं सगळं प्रेम आहे, आणि ते तसं नसतं तर तो रोमिओ नसता.

वडगाव पाटील गल्ली
आणि ज्युलिएटनं मात्र धीर धरला होता, एकटीनं, 42 तास, मेलेल्यांच्या शेजारी. तेवढं लक्षात असू दे दोघांच्या.